‘व्हिगर’ हा शब्द वाक्यात नेमका कुठे बसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘व्हिगर’ या इंग्रजी नामाचा ‘जोम, उत्साह, शक्ती’ हा कोशातला अर्थ विचारणाऱ्याने नीट समजून घेतला, रोजच्या वापरात तो यावा म्हणून चार वाक्ये लिहिली आणि शिक्षकांना दाखवली. वाक्ये अशी: ‘आय हॅव मच व्हिगर टुडे’, ‘माय ग्रँडमदर इज अ व्हिगर वुमन’, ‘ही इज वर्किंग विथ फुल व्हिगर’, आणि नोकरीच्या अर्जासाठी ‘आय विल वर्क विथ व्हिगर अँड डेडिकेशन’. शिक्षकांनी पहिली दोन खोडली, तिसऱ्याखाली रेघ ओढली आणि चौथ्यासमोर प्रश्नचिन्ह काढले. कारण मात्र सांगितले नाही. अर्थ बरोबर असूनही ही वाक्ये का चुकतात, आणि हा शब्द रोजच्या इंग्रजीत वापरायचा तरी कसा, असा विचारणाऱ्याचा प्रश्न आहे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांना इंग्रजी लेखन शिकवणे आणि त्यांचे मसुदे तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि अशी वाक्ये माझ्यासमोर सतत येतात. त्यावरून मी खात्रीने सांगू शकतो की तुमची अडचण अर्थाची नसून जागेची आहे. ‘व्हिगर’ हा शब्द इंग्रजी वाक्यात वाटेल तिथे बसत नाही. त्याच्या दोन-तीन ठरलेल्या जागा आहेत, त्याला चालणारी ठरावीक क्रियापदे आहेत आणि ज्यांच्याबद्दल तो बोलला जातो असे ठरावीक विषय आहेत. अर्थ पाठ करणाऱ्याला या जागा दिसत नाहीत, कारण पाठ करताना शब्द वाक्यातून सुटा काढलेला असतो.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य केले पाहिजे. तुम्ही बोलत आहात की लिहीत आहात, स्वतःबद्दल सांगत आहात की दुसऱ्याबद्दल, वाचणारा ब्रिटिश वळणाचे इंग्रजी वापरतो की अमेरिकन, आणि मजकूर मित्राला पाठवायचा आहे की कार्यालयात द्यायचा आहे, यानुसार माझे उत्तर थोडेफार बदलते. बोलण्यात तर ‘व्हिगर’ फारच कमी येतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी माणसेही गप्पा मारताना तो क्वचित उच्चारतात. लेखात, अहवालात, चरित्रात, भाषणात मात्र तो सहज येतो. म्हणून ‘रोजच्या वाक्यात कसा वापरू’ या प्रश्नाचे पहिले प्रामाणिक उत्तर असे की रोजच्या बोलण्यात त्याऐवजी बहुतेक वेळा ‘एनर्जी’ वापरा, आणि ‘व्हिगर’ लेखनासाठी राखून ठेवा.

आता त्याच्या सर्वांत पक्क्या जागेकडे वळू. ही जागा म्हणजे ‘विथ’ या शब्दयोगी अव्ययानंतरची जागा. ‘विथ व्हिगर’, ‘विथ ग्रेट व्हिगर’, ‘विथ रिन्यूड व्हिगर’ ही तीन रूपे हाताशी असली की लेखनातली निम्मी गरज भागते. मराठी माणसाला ही जागा ओळखायला एक सोपी खूण आहे: आपण जिथे ‘जोमाने’, ‘हिरिरीने’ किंवा ‘तडफेने’ म्हणतो, तिथे इंग्रजीत ‘विथ व्हिगर’ बहुधा शोभते. ‘त्यांनी आपली बाजू हिरिरीने मांडली’ हे ‘दे आर्ग्यूड देअर केस विथ व्हिगर’ असे होते. ‘सुट्टीनंतर ती नव्या जोमाने कामाला लागली’ हे ‘आफ्टर द ब्रेक शी वेन्ट बॅक टु वर्क विथ रिन्यूड व्हिगर’ असे होते, आणि येथे ‘नव्या जोमाने’ व ‘विथ रिन्यूड व्हिगर’ यांचे माप इतके जुळते की विद्यार्थ्यांना मी सुरुवात याच जोडीपासून करायला सांगतो.

या जागेतही क्रियापद पाहून घ्यावे लागते. ज्या क्रियेत प्रयत्न आहे, काही काळ टिकणारा जोर आहे आणि बहुधा एखादे उद्दिष्ट आहे, अशा क्रियेला ‘विथ व्हिगर’ चिकटते: प्रचार करणे, विरोध करणे, बाजू लढवणे, पाठपुरावा करणे, कामाला भिडणे, झाडलोट करणे, वाद घालणे. ‘शी ऑपोज्ड द प्लॅन विथ व्हिगर’ हे उत्तम वाक्य आहे. ‘शी स्लेप्ट विथ व्हिगर’ हे हास्यास्पद होते, कारण झोपण्यात प्रयत्न नाही. आणि ‘शी लाइक्स टी विथ व्हिगर’ हेही बसत नाही, कारण आवडणे ही कृती नाही, मनाची स्थिती आहे. मराठीतही आपण ‘जोमाने आवडते’ म्हणत नाही. तुमचा मराठी कान येथे तुम्हाला मदत करतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मात्र ‘जोमाने’ आणि ‘जोरात’ यांच्यात घोटाळा होऊ देऊ नका. बाटली जोरात हलवा, अंग खसाखसा पुसा, तिने जोरजोरात मान हलवली, अशा थोड्या वेळच्या शारीरिक हालचालींसाठी इंग्रजी सहसा नाम न वापरता क्रियाविशेषण वापरते: ‘शेक द बॉटल व्हिगरसली’, ‘शी नॉडेड व्हिगरसली’. येथे ‘शेक द बॉटल विथ व्हिगर’ लिहिले तर व्याकरण मोडत नाही, पण औषधाच्या बाटलीवरची सूचना एकदम भाषणासारखी वाटू लागते. उलट ‘त्यांनी आरोपांचा जोरदार इन्कार केला’ यासाठी ‘दे डिनाइड द चार्जेस व्हिगरसली’ हे अधिक रुळलेले आहे, आणि ‘विथ व्हिगर’ही अगदी चुकीचे नाही. म्हणजे सीमारेषा पक्की नाही. पण हालचाल जितकी छोटी आणि शारीरिक, तितके क्रियाविशेषणाकडे झुकावे, आणि प्रयत्न जितका दीर्घ आणि मनापासूनचा, तितके नामाकडे, हा माझा अनुभवावर बेतलेला सल्ला आहे.

व्याकरणाची एक बाब येथेच संपवून टाकतो. ‘व्हिगर’ हे न मोजता येणारे नाम आहे. त्यामुळे ‘अ व्हिगर’, ‘मेनी व्हिगर्स’ असे सहसा होत नाही. अपवाद एकच, पण लेखनात फार उपयोगी: नामामागून त्याचे वर्णन करणारे उपवाक्य आले की ‘अ’ चालते. ‘ही स्पोक विथ अ व्हिगर दॅट सरप्राइज्ड एव्हरीवन’, म्हणजे तो अशा काही तडफेने बोलला की सर्वांना आश्चर्य वाटले. येथे ‘अ’ मोजण्यासाठी नाही, ‘अशा प्रकारची’ या अर्थाने आहे. तुमच्या दुसऱ्या वाक्यातील ‘अ व्हिगर वुमन’ मात्र यात बसत नाही. तेथे विशेषण हवे होते आणि तुम्ही नाम ठेवले. मराठीत ‘उत्साही बाई’ ऐवजी ‘उत्साह बाई’ लिहावे तसे ते झाले आहे. विशेषण ‘व्हिगरस’ असे आहे, पण आजीसाठी मी तेही घेणार नाही. ‘माय ग्रँडमदर इज फुल ऑफ एनर्जी’ किंवा ‘माय ग्रँडमदर इज व्हेरी एनर्जेटिक फॉर हर एज’ असे लिहीन.

आता पहिले वाक्य, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. ‘आय हॅव मच व्हिगर टुडे’ हे का खटकते? एक भाग लहान आहे: होकारार्थी साध्या वाक्यात ‘मच’ एकटे आले की इंग्रजी अवघडलेले वाटते, तेथे ‘अ लॉट ऑफ’ किंवा ‘सो मच’ येते. मोठा भाग असा की आजच्या दिवसापुरता, स्वतःला आतून जाणवणारा उत्साह इंग्रजी माणूस ‘व्हिगर’ने सांगत नाही. ‘व्हिगर’ हा बहुधा बाहेरून दिसलेला गुण आहे. कोणीतरी दुसऱ्याच्या कामाकडे, चालण्याकडे, लिहिण्याकडे पाहतो आणि त्यात त्याला जोम दिसतो. माझ्या अंगात आज किती शक्ती आहे हे सांगण्याचा शब्द ‘एनर्जी’ आहे, किंवा शब्दच नाही, नुसते क्रियापद आहे: ‘आय फील ग्रेट टुडे’, ‘आय डोन्ट फील अप टु इट’.

मराठी माणूस ‘एनर्जी’ सोडून ‘व्हिगर’कडे का वळतो, याचेही कारण मला दिसते. आपल्याला ‘एनर्जी’ची पहिली ओळख विज्ञानाच्या पुस्तकात, ‘ऊर्जा’ या रूपात होते. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत ‘एनर्जी’ला आजच्या वैज्ञानिक अर्थाजवळचा अर्थ दिला, पण हा शब्द इंग्रजीत त्याच्या कितीतरी आधीपासून, बोलण्यातला आणि वागण्यातला जोर या अर्थाने, नांदत होता. आपल्याकडे मात्र ‘ऊर्जा’ला पाठ्यपुस्तकाचा वास आहे. ‘आज माझ्यात ऊर्जा नाही’ असे कुणी म्हटले तर ते अनुवादित वाटते. आपण ‘आज अंगात त्राण नाही’ किंवा ‘आज उत्साहच वाटत नाही’ म्हणतो. त्यामुळे ‘एनर्जी’ हा माणसाबद्दल बोलण्याचा साधा, घरगुती शब्द आहे हे आपल्या ध्यानात येत नाही, आणि उत्साहासाठी वेगळा, भारदस्त शब्द शोधताना ‘व्हिगर’ सापडतो.

दुसरे कारण वाक्यरचनेत आहे. मराठीत उत्साह ‘येतो’, ‘वाटतो’, ‘मावळतो’, ‘संचारतो’. तो कर्ता असतो, आणि ज्याला तो येतो तो माणूस ‘मला’, ‘तिला’, ‘त्यांच्यात’ असा बाजूला उभा असतो. इंग्रजीत बहुधा माणूस कर्ता होतो आणि शक्ती त्याच्याजवळ असते, त्याला मिळते, तो ती खर्च करतो किंवा गमावतो. माझ्याकडे आलेला एक परिच्छेद येथे उतरवतो, कारण त्यात हे सगळे एकत्र दिसते. एका विद्यार्थिनीने तापातून उठल्यावर लिहिले होते: ‘आफ्टर फीव्हर माय व्हिगर वेन्ट. आफ्टर टू वीक्स व्हिगर केम टु मी. नाऊ आय डू माय वर्क विथ व्हिगर.’ मागे मराठी स्पष्ट ऐकू येते: तापाने माझी उमेद गेली, दोन आठवड्यांनी उत्साह आला, आता जोमाने काम करते.

तिच्याबरोबर बसून मी एकेक वाक्य बदलले. पहिले झाले ‘द फीव्हर लेफ्ट मी विथ नो एनर्जी’. येथे ताप कर्ता झाला आणि ‘मी’ कर्म झाले, जी इंग्रजीची आवडती मांडणी आहे. दुसरे झाले ‘इट वॉज टू वीक्स बिफोर आय गॉट माय एनर्जी बॅक’. शक्ती स्वतः चालत आली नाही, माणसाने ती परत मिळवली. (‘माय एनर्जी केम बॅक’ हेही चालते, कारण ‘एनर्जी’ला इंग्रजीत कर्ता होण्याची मुभा आहे, ‘केम टु मी’ मात्र दुसऱ्याच अर्थाकडे, एखादी कल्पना सुचण्याकडे, जाते.) तिसरे वाक्य तिने जवळजवळ बरोबर लिहिले होते, त्यात फक्त ‘परत’ हा भाव नव्हता. तिथे आम्ही लिहिले ‘नाऊ आय ॲम बॅक ॲट वर्क विथ रिन्यूड व्हिगर’. तीन वाक्यांपैकी ‘व्हिगर’ एकदाच टिकला, आणि जिथे टिकला तिथे त्याचे वजन जाणवले. तुम्हीही हेच प्रमाण ठेवा: एका लहान परिच्छेदात हा शब्द एकदाच.

‘एनर्जी’ची रोजची वाक्ये मात्र भरपूर पाठ करण्यासारखी आहेत, आणि त्यात शब्दयोगी अव्यये नीट पाहावीत. ‘आय डोन्ट हॅव द एनर्जी टु आर्ग्यू’, म्हणजे वाद घालायचे त्राण नाही. येथे ‘द’ महत्त्वाचे आहे, कारण त्या विशिष्ट कामापुरती शक्ती अभिप्रेत आहे. ‘आय हॅव नो एनर्जी फॉर अनदर मीटिंग’, पुढे नाम आले की ‘फॉर’. ‘शी पुट ऑल हर एनर्जी इन्टू द प्रोजेक्ट’, सगळी शक्ती पणाला लावली, येथे ‘इन्टू’. ‘सेव्ह युवर एनर्जी’, दम राखून ठेव. ‘द हीट सॅप्स युवर एनर्जी’, उन्हाने माणूस गळून जातो. ‘सॅप’ हे क्रियापद शक्ती शोषून घेण्यासाठी नेमके आहे आणि शिकणाऱ्यांना सहसा माहीत नसते. एकदम आलेल्या उत्साहासाठी ‘अ बर्स्ट ऑफ एनर्जी’. अनेकवचन ‘एनर्जीज’ हे आपली सगळी शक्ती, वेळ आणि लक्ष एका दिशेला वळवण्याच्या अर्थी येते: ‘ही टर्न्ड हिज एनर्जीज टु रायटिंग’. अलीकडे अनौपचारिक बोलण्यात एखाद्या माणसाभोवतीचे किंवा खोलीतले वातावरण या अर्थीही ‘एनर्जी’ वापरतात, पण औपचारिक लेखनात तो अर्थ आणू नये.

या सगळ्या वाक्यांत ‘एनर्जी’ काढून ‘व्हिगर’ घालून पाहा. ‘सेव्ह युवर व्हिगर’ होत नाही, ‘अ बर्स्ट ऑफ व्हिगर’ ऐकायला मिळत नाही, ‘आय डोन्ट हॅव द व्हिगर टु आर्ग्यू’ विचित्र लागते. शक्ती साठवता, खर्चता, गमावता येते. जोम फक्त करण्यात दिसतो. हा फरक एकदा मनात बसला की खोडाखोड आपोआप कमी होते.

‘विथ’नंतरची जागा सोडली तर ‘व्हिगर’ची दुसरी जागा म्हणजे एखाद्या गोष्टीचा टिकाऊ गुण म्हणून येणारी. येथे तो माणसापेक्षा वनस्पती, भाषा, वादविवाद, संस्था आणि वय यांच्याजवळ अधिक रमतो. ‘द व्हिगर ऑफ हर प्रोज’, म्हणजे तिच्या गद्याचा जोरकसपणा. ‘इंटेलेक्च्युअल व्हिगर’, बुद्धीची तडफ. ‘यूथफुल व्हिगर’, तारुण्यातला जोम. म्हाताऱ्या माणसाबद्दल ‘ही हॅज लॉस्ट नन ऑफ हिज व्हिगर’ असे म्हटले की त्याची रग तशीच आहे असा अर्थ होतो, आणि आजीचे वाक्य तुम्हाला याच शब्दाने लिहायचे असेल तर ‘ॲट एटी, माय ग्रँडमदर हॅज लॉस्ट नन ऑफ हर व्हिगर’ हे अगदी सुरेख बसते. लक्षात घ्या की येथेही बोलणारा दुसऱ्याकडे पाहत आहे आणि गुण एका दिवसाचा नाही, वर्षानुवर्षांचा आहे.

शेतीशास्त्रात तर हा शब्द पारिभाषिकच आहे. ‘सीड व्हिगर’ म्हणजे बियाणे निरनिराळ्या, अगदी प्रतिकूल परिस्थितीतही किती लवकर आणि एकसारखे उगवून येईल याची क्षमता. ती नुसत्या उगवणशक्तीपेक्षा वेगळी मोजली जाते, कारण प्रयोगशाळेतल्या सुखावह तापमानात उगवणारे बी शेतातल्या थंड, ओल्या मातीत तग धरेलच असे नाही. ‘हायब्रिड व्हिगर’ म्हणजे दोन भिन्न वंशांच्या संकरातून आलेली पिढी वाढीत किंवा उत्पादनात आईबापांपेक्षा सरस ठरणे. गंमत अशी की येथे मराठीतला ‘जोम’ इंग्रजीशी तंतोतंत जुळतो, कारण आपणही पीक जोमात आहे असेच म्हणतो. माणसापेक्षा पिकाच्या उदाहरणावरून ‘व्हिगर’ लवकर कळतो असे माझे मत झाले आहे: पीक स्वतःबद्दल काही सांगत नाही, त्याची वाढ पाहूनच जोम कळतो.

शेजारच्या शब्दांबद्दलही विचारले जाते, म्हणून त्यांतले कामाचे तेवढे सांगतो. ‘स्टॅमिना’ म्हणजे दम, शेवटपर्यंत टिकण्याची ताकद. सुरुवातीचा जोर नव्हे. लॅटिनमध्ये हे धागा या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे, पण इंग्रजीत ते एकवचनी आणि न मोजता येणारे आहे, म्हणून ‘हिज स्टॅमिना इज’ असेच लिहावे. ‘गस्टो’ म्हणजे चवीने, मनसोक्त. खाणे, गाणे, गोष्ट सांगणे यांच्याबरोबर ‘विथ गस्टो’ येते आणि त्यात आनंद असतो, जो ‘व्हिगर’मध्ये असेलच असे नाही. ‘झेस्ट’ बहुतेक ‘झेस्ट फॉर लाइफ’ या जोडीतच राहतो, म्हणजे जगण्याची ओढ. ‘व्हर्व्ह’ कलेच्या सादरीकरणातला जिवंतपणा सांगतो. ‘झील’ म्हणजे एखाद्या कार्यासाठीची धगधगती निष्ठा, आणि तो कधी अतिरेकाकडेही झुकतो, म्हणून स्तुतीत जपून. ‘पेप’ आणि ‘व्हिम’ अनौपचारिक आहेत. ‘पेप’ हा ‘पेपर’ म्हणजे मिरे या शब्दाचा तुकडा आहे, आणि ‘व्हिम’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अमेरिकन इंग्रजीत रुळला व आज मुख्यतः ‘व्हिम अँड व्हिगर’ या जोडशब्दात ऐकू येतो. ही जोडी थोडी जुनकट, हसतमुख आहे. कार्यालयीन पत्रात ती टाळावी.

एक शब्द मात्र खरोखर धोक्याचा आहे, तो म्हणजे ‘रिगर’. एका अक्षराचा फरक, उच्चारही यमकासारखा, आणि दोन्ही शब्द ‘विथ’नंतर येतात, त्यामुळे मसुद्यांत अदलाबदल वारंवार होते. ‘रिगर’ म्हणजे काटेकोरपणा, कसोशी. ‘द डेटा वेअर चेक्ड विथ रिगर’ म्हणजे माहिती कसून तपासली; तिथे ‘व्हिगर’ लिहिले तर माहिती आवेशाने तपासली असा भलताच अर्थ निघतो. संशोधनाबद्दल लिहिताना बहुधा ‘रिगर’ हवा असतो. ‘इंटेलेक्च्युअल रिगर’ आणि ‘इंटेलेक्च्युअल व्हिगर’ हे दोन्ही प्रयोग आहेत, पण पहिला शिस्त सांगतो आणि दुसरा जोर.

वर्णलेखनाचे थोडक्यात. ब्रिटिश पद्धतीत शेवटी ‘ओ-यू-आर’, अमेरिकन पद्धतीत ‘ओ-आर’. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाने पहिले वळण पक्के केले आणि नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशाने अमेरिकेत दुसरे. परंतु ‘व्हिगरस’, ‘व्हिगरसली’ आणि ‘इन्व्हिगरेट’ यांत ‘यू’ कुठल्याच पद्धतीत ‘ओ’नंतर लगेच येत नाही, ‘व्हिगरस’च्या अखेरच्या ‘ओ-यू-एस’मधला ‘यू’ वेगळा. ब्रिटिश पद्धतीने लिहिणारे याच ठिकाणी चुकतात, कारण ‘कलरफुल’मध्ये ‘यू’ टिकतो आणि येथे गळतो. ‘व्हिगर’ उच्चारताना जोर पहिल्या अक्षरावर, म्हणजे ‘व्हि’वर.

विशेषणाचा एक उपयोग तुम्हाला वर्तमानपत्रात नक्की भेटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे ‘व्हिगरस’ व्यायाम सुचवला आहे. येथे ‘व्हिगरस’ म्हणजे उत्साहाने केलेला व्यायाम नव्हे, तर दम लागेल इतका जोराचा, ज्यात काही शब्दांपलीकडे सलग बोलता येत नाही. कंटाळत केलेले धावणेही ‘व्हिगरस’ असू शकते. विशेषण असे तीव्रता मोजते, तर ‘विथ व्हिगर’मध्ये मन लावणेही आले, दोन्ही एकाच मुळाचे असूनही एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत ते यामुळे.

आता उरलेली दोन वाक्ये. ‘ही इज वर्किंग विथ फुल व्हिगर’ हे भारतीय इंग्रजीत सर्रास आढळते आणि कुणालाही समजते, म्हणून ते मी चूक म्हणणार नाही. ‘पूर्ण जोमाने’चा तो सरळ अनुवाद आहे, आणि शिक्षकांनी रेघ ओढली ती ‘फुल’साठी असावी. बाहेरच्या वाचकासाठी ‘विथ ग्रेट व्हिगर’ अधिक सहज, आणि बोलताना तर ‘ही इज रिअली गोइंग ॲट इट’ किंवा ‘ही इज वर्किंग फ्लॅट आउट’.

चौथे वाक्य, अर्जातले, व्याकरणाने निर्दोष आहे. तरीही प्रश्नचिन्ह योग्य होते, आणि त्याचे कारण वर आलेच आहे: ‘व्हिगर’ ही पाहणाऱ्याने दिलेली पावती आहे. अर्जदाराने ती स्वतःला दिली की शब्द पोकळ होतो, आणि शेजारी ‘डेडिकेशन’ ठेवल्याने तर वाक्य कुठल्याही अर्जातले होऊन जाते. अर्जात केलेले काम लिहा: ‘आय रीऑर्गनाइज्ड द ऑफिस रेकॉर्ड्स अँड ट्रेन्ड टू न्यू कलीग्ज टु मेन्टेन देम’, म्हणजे कार्यालयाची कागदपत्रे नव्याने लावली आणि ती राखायला दोन नव्या सहकाऱ्यांना तयार केले. जोम त्यातून वाचणाऱ्याला दिसेल. तो शब्द अर्जासोबत यायलाच हवा असेल, तर जुन्या वरिष्ठांकडून शिफारसपत्र घ्या आणि तिथे तो येऊ द्या. त्यांच्या हातून ‘शी टुक ऑन द रीऑर्गनायझेशन ऑफ अवर रेकॉर्ड्स विथ ग्रेट व्हिगर’ हे वाक्य आले तर त्यातला एकही शब्द बदलण्याची गरज पडणार नाही.